काडतुसाची पुंगळी व रायफलीची अचूकता

काडतुसाची पुंगळी : रायफलीच्या काडतुसातील गोळी, दारू व आघाताने पेटणारी टोपी या तिन्हींना एकत्र धरून ठेवणारे धातूचे, बहुधा पितळेचे, नळीवजा आवरण. गोळी लक्ष्याकडे जाते, दारू जळून जाते आणि पुंगळी रिकामी होऊन रायफलीबाहेर पडते. त्यामुळे तिला निव्वळ वेष्टन समजण्याकडे कल असतो. वस्तुतः रायफलीच्या अचूकतेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी पुंगळीच्या घडणीचा इतिहास आहे. मात्र अचूकतेला पोषक असलेली घडण रणांगणावर उपयोगी ठरतेच असे नाही. उन्हात, चिखलात किंवा घाईत काडतूस अडकले, तर उत्तम रायफलही सैनिकाच्या हातात सोट्याइतक्याच कामाची उरते. या दोन गरजांमधील ओढाताण पुंगळीच्या आकारात स्पष्टपणे उमटली आहे.

कार्य : रायफलीच्या नळीच्या मागील टोकाशी काडतुसाच्या आकाराची पोकळी कोरलेली असते, तिला येथे कोठी म्हटले आहे. काडतूस कोठीत सारून मागची बाजू बोल्टाने बंद करतात. चाप ओढला की टोपी पेटते, तिची ज्वाळा पुंगळीच्या बुडातील छिद्रावाटे दारूत शिरते आणि एक-दीड सहस्रांश सेकंदात गोळी नळीतून बाहेर पडते. आधुनिक सैनिकी काडतुसात तेवढ्या अवधीत वायूचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ४,००० किग्रॅ.पर्यंत चढतो. या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून कोठीला घट्ट चिकटते व वायूला मागे येण्यास वाट राहत नाही. दाब उतरताच पितळ किंचित आक्रसते आणि पुंगळी पुन्हा सुटी होते. फुगणे आणि सैल होणे ही दोन्ही कामे पितळेइतकी चांगली करणारी स्वस्त धातू अद्याप सापडलेली नाही.

अचूकतेशी पुंगळीचा संबंध दोन प्रकारे येतो. गोळी नळीतील सर्पिल खोबणीत शिरताना तिचा अक्ष नळीच्या अक्षाशी जुळलेला असावा लागतो, आणि तो जुळविण्याचे काम गोळीला धरून ठेवणारी पुंगळीची मान करते. मान वाकडी किंवा एका बाजूस जाड असेल, तर गोळी तिरपी शिरते व बाहेर पडल्यावर डगमगत जाते. दुसरे असे की, प्रत्येक काडतुसात दाब सारखाच चढला पाहिजे, म्हणजे गोळीचा वेग सारखा राहतो. पुंगळीच्या आतील जागा, मानेची पकड आणि बुडाच्या छिद्राचा आकार या गोष्टींवर हा सारखेपणा अवलंबून असतो. वेगात सेकंदाला १० मी.चा फरक पडला, तर १०० मी. अंतरावर गोळी दोनेक मिमी. वरखाली लागते आणि त्याचा पत्ताही लागत नाही. १,००० यार्डांवर मात्र तोच फरक वीस-पंचवीस सेंमी.चा होतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजांना पुंगळीची जी एवढी चिंता असते, तिचे कारण हेच.

कागदी काडतुसे : ठासणीच्या बंदुकीत काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. १८५३ च्या नमुन्याच्या ०·५७७ इंची एन्फील्ड रायफलीची पुडी सैनिकाने दातांनी फाडावयाची, दारू नळीत ओतावयाची, पुडी उलटी करून वंगण लावलेल्या कागदासह गोळी नळीच्या तोंडात बसवावयाची, उरलेला कागद तोडून टाकावयाचा आणि गजाने गोळी ठासावयाची, अशी रीत होती. काळ्या दारूची राख मऊ राहावी व गोळी सहज सरकावी म्हणून हे वंगण आवश्यक असे. त्यात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता १८५७ च्या आरंभी कलकत्त्याजवळील डमडम येथून पसरली आणि पुढे काय घडले ते सर्वज्ञात आहे. या प्रसंगाची तांत्रिक बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. एन्फील्ड रायफल जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा कितीतरी अचूक होती. पण दारूची किती कणी सांडली आणि गोळी किती जोराने ठासली गेली, हे प्रत्येक वेळी सैनिकाच्या हातावर राहत असल्याने तिची अचूकता गोळीगणिक बदलत असे.

सर्व घटक एकत्र असलेल्या काडतुसाची कल्पना त्याआधीची आहे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या झां सॅम्युअल पॉली या स्विस कारागिराने पितळी बुडाच्या काडतुसाचे एकस्व १८१२ मध्ये घेतले होते. प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारलेल्या ड्रायझे यांच्या सुईच्या बंदुकीत मागून काडतूस भरता येई. परंतु काडतूस कागदीच असल्याने बोल्टाच्या फटीतून वायू निसटत असे. फ्रेंचांच्या १८६६ च्या शास्पो रायफलीत बोल्टाच्या तोंडाशी रबराची चकती बसवून ही गळती बरीच थोपविली होती आणि १८७०-७१ च्या युद्धात तिचा पल्ला प्रशियाच्या बंदुकीहून पुष्कळच जास्त ठरला. हे रबर लवकर जळून जाई व पुनःपुन्हा बदलावे लागे. प्रत्येक काडतुसाबरोबर स्वतंत्र, नवी चकती मिळाली तर हा प्रश्नच उरणार नव्हता. धातूच्या पुंगळीने नेमके हेच साधले.

बॉक्सर यांचे काडतूस : वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ मध्ये तयार केलेल्या काडतुसात पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी आणि लोखंडी बूड होते. जुन्या एन्फील्ड रायफलींना मागून भरण्याची सोय करून बनविलेल्या स्नायडर रायफलीत ते वापरण्यात आले. नळी तीच असूनही ही रायफल मूळच्या ठासणीच्या रायफलीपेक्षा जलदच नव्हे, तर अधिक अचूक ठरली. फरक पडला होता तो काडतुसाने : दारू मोजलेली, गोळी दर वेळी एकाच जागी बसलेली आणि वायूची गळती बंद.

याच वर्षी अमेरिकेतील हायरम बर्डन यांनी टोपीची निराळी रचना पुढे आणली. टोपीतील स्फोटक ज्या टोकावर चिरडले जाते ते टोक बर्डन यांच्या रचनेत पुंगळीच्याच बुडाला काढलेले असते व त्याच्या बाजूंना बहुधा दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सर यांच्या रचनेत हे टोक टोपीत असते आणि बुडाच्या मध्यावर एकच छिद्र असते. पुढे इंग्रज बॉक्सर यांची रचना टाकून सैनिकी काडतुसांत बर्डन यांची वापरू लागले आणि अमेरिकनांनी बर्डन यांची सोडून बॉक्सर यांची उचलली, ही एक गंमतच म्हणावी लागेल. मधल्या एका छिद्रातून वापरलेली टोपी सळईने सहज ढकलून काढता येत असल्याने पुंगळी पुन्हा भरणे सोपे जाते. स्पर्धेतील नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरू लागले, त्याला ही साधी गोष्ट कारणीभूत झाली.

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस बाटलीच्या आकाराचे होते. ०·४५ इंची गोळीमागे लागणारी दारू सरळ पुंगळीत भरल्यास काडतूस त्या रायफलीच्या यंत्रणेस फार लांब होई. म्हणून रुंद पोट व अरुंद मान असा आकार आला. पुढे जवळजवळ सर्वच रायफलींत रूढ झालेला हा आकार अचूकतेचा विचार करून नव्हे, तर जागेच्या अडचणीतून ब्रिटिश सैन्यात आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुंगळी मात्र गुंडाळलेल्या पत्र्याचीच राहिली. तापलेल्या कोठीत तिचा पातळ पत्रा चिकटे आणि आकडा लोखंडी बूड तेवढे उपटून आणी. १८८५ मध्ये सूदानमधील अबू क्लिया येथील लढाईत ऐन हातघाईच्या वेळी रायफली अडकल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर गुंडाळीच्या पुंगळीची जागा अखंड पितळेच्या पुंगळीने घेतली.

अखंड पितळी पुंगळी : हिच्यासाठी सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. पत्र्यातून कापलेल्या जाड चकतीची आधी वाटी करतात आणि ती ठशांतून पुनःपुन्हा खेचून लांब करतात. खेचल्याने पितळ कडक होते, म्हणून मधून मधून तापवून त्याचे अनुशीतन करावे लागते. बूड ठोकून कडक ठेवतात आणि मान शेवटी तापवून मऊ करतात. बूड मऊ राहिले तर दाबाने पसरते, मान कडक राहिली तर तडकते. एकाच वस्तूच्या दोन टोकांस दोन प्रकारचा कणखरपणा आणण्यात या धंद्याचे खरे कसब आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात हे काम दीर्घकाळ चालत आले असून तेथील जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे उमटविलेली दिसतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ चा आहे. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

पितळेच्या एका दोषाचा शोध हिंदुस्थानातील अनुभवावरून लागला. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की ब्रिटिश सैन्याची काडतुसे तबेल्यांत ठेवली जात आणि कोरड्या ऋतूत ती बाहेर काढली की पुष्कळ पुंगळ्या चिरलेल्या आढळत. या चिरांना ‘ऋतूच्या चिरा’ असेच नाव पडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि खेचकामामुळे पितळेत साठून राहिलेला ताण या दोहोंच्या संयोगाने त्या पडतात, हा उलगडा मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये केला. हलक्या उष्णतेने ताण घालविणे हा त्यावरील उपाय होय. हाच साठलेला ताण असमान असला, तर मानेची पकड काडतुसागणिक बदलते आणि गोळ्या विखुरतात. म्हणजे टिकाऊपणासाठी केलेला उपाय अचूकतेच्याही कामी आला.

कड व खांदा : कोठीत काडतूस किती आत जावे, हे ठरविण्यासाठी पुंगळीला कोठेतरी अटकाव हवा. जुन्या पुंगळ्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड असे व ती कोठीच्या तोंडाशी अडे. १८८८ च्या जर्मन काडतुसात ही कड काढून बुडाशी खाच ठेवली गेली आणि अटकावाचे काम पुंगळीच्या उतरत्या खांद्याकडे आले. अचूकतेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. खांद्यावर टेकणारी पुंगळी कोठीत आपोआप मध्यावर येते. बुडाच्या कडेवर अडणारी पुंगळी पुढच्या बाजूने सैल राहू शकते.

ब्रिटिशांनी मात्र ०·३०३ इंची काडतुसाची कड सोडली नाही. १८८८ मध्ये दाबलेल्या काळ्या दारूसाठी योजलेल्या या काडतुसात १८९१ पासून निर्धूम कॉर्डाइट आले. कॉर्डाइटच्या लांब काड्या अरुंद मानेतून आत जाईनात, म्हणून आधी काड्या भरून मग पुंगळीची मान आवळीत. अटकाव कडेवर असल्याने कोठीचा पुढचा भाग ऐसपैस ठेवला तरी रायफल चालत असे, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलासाठी तो मुद्दाम ऐसपैस ठेवण्यात आला. पुंगळी प्रत्येक बाराला फार फुगे व पुन्हा भरण्यास निकामी होई. पण काडतूस घोटाळत नसे.

या निवडीचे मोल कॅनडाच्या सैनिकांना कळले. सर चार्ल्स रॉस यांची रॉस रायफल याच ०·३०३ इंची काडतुसाची होती, पण तिची कोठी काटेकोर मापाची होती. महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये बिस्ले येथील स्पर्धांत रॉस यांच्या रायफलींनी नाव कमावले होते. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे कॅनडाच्या तुकड्यांना घाईने बनविलेली, थोडी मोठ्या मापाची ब्रिटिश काडतुसे मिळाली. लागोपाठच्या बारांनी तापलेल्या कोठीत ती अडकू लागली व सैनिकांना बुटाच्या टाचेने बोल्ट हाणून उघडावे लागले. अनेकांनी पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड रायफली उचलून घेतल्या. बोल्टाच्या घडणीतील दोषही या अपयशास कारण होते आणि कोठी नंतर मोठी करण्यात आली; पण सैनिकांचा विश्वास उडाला तो उडालाच. १९१६ मध्ये ही रायफल आघाडीवरून काढून घेण्यात आली. दबा धरून टिपणाऱ्या निवडक नेमबाजांनी मात्र ती सोडली नाही. प्रत्येक काडतूस पारखून भरणाऱ्या आणि दिवसाकाठी मोजकेच बार काढणाऱ्या माणसाला तीच काटेकोर कोठी वरदान वाटत होती.

आखूड पुंगळीकडे : अमेरिकेच्या १९०६ च्या ०·३० इंची काडतुसाची पुंगळी ६३ मिमी. लांब होती. दारूत सुधारणा झाल्यावर जवळपास तेवढाच वेग ५१ मिमी. लांबीच्या पुंगळीतून मिळू लागला आणि १९५४ मध्ये ७·६२ मिमी.चे हे काडतूस नाटो राष्ट्रांनी स्वीकारले; भारतानेही ते पुढे घेतले. स्पर्धांत ते जुन्या काडतुसापेक्षा सरस ठरले. लांब पुंगळीत दारू अर्धवट भरली असेल, तर ती कधी बुडाशी तर कधी गोळीकडे सरकते व दर वेळी निराळी पेटते. आखूड पुंगळी दारूने भरलेली असल्याने हा फरक कमी होतो. शिवाय काडतूस आखूड असले की रायफलीची यंत्रणाही आखूड व ताठ करता येते. श्रेय नेमके कशाला किती, हे सांगणे सोपे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रायफल मेजावर टेकवून केवळ अचूकता अजमावण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत गोळ्यांच्या छिद्रांमधील अंतर कोनाच्या मिनिटांत सांगतात. एक मिनिट म्हणजे १०० मी.वर सु. २९ मिमी. सामान्य सैनिकी काडतुसांच्या गोळ्या दोन ते चार मिनिटांत पडतात, तर या स्पर्धांत पाव मिनिटाच्या आत पाच गोळ्या घालाव्या लागतात. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीतील माइक वॉकर यांनी आखलेल्या ०·२२२ इंची काडतुसाने तेथे सु. पंचवीस वर्षे राज्य केले. १९७५ मध्ये लुई पामिसानो व फेरिस पिंडेल यांनी त्याला मागे टाकणारे ६ मिमी.चे काडतूस तयार केले. दोघांच्या आडनावांवरून ते पी. पी. सी. म्हणून ओळखले जाते. त्याची पुंगळी आखूड व रुंद, भिंती जवळजवळ सरळ, खांदा ३० अंशांचा, टोपी लहान आणि बुडाचे छिद्र नेहमीच्या दोन मिमी.ऐवजी दीड मिमी.चे.

या पुंगळीची वंशावळ मनोरंजक आहे. ती ०·२२० इंची रशियन क्रीडा-काडतुसापासून घेतलेली आणि ते १९४३ च्या ७·६२ × ३९ मिमी. सोव्हिएट काडतुसापासून, म्हणजे कलाश्निकोव्ह रायफलीच्या काडतुसापासून आलेले. त्या काडतुसाच्या पुंगळीला मोठा उतार दिला होता, कारण उताराची पुंगळी सैल कोठीत चटकन शिरते व चटकन सुटते. कशाही परिस्थितीत चालणाऱ्या शस्त्रासाठी केलेला तो उतार काढून टाकला, खांदा पुढे नेला व मान आवळली, तेव्हा जगातील अत्यंत अचूक काडतुसांपैकी एक तयार झाले.

आखूड, रुंद स्तंभातील दारू टोपीच्या ज्वाळेने एकाच वेळी व एकसारखी पेटते, असे या आकाराचे समर्थन करण्यात येते. खांद्याच्या कोनाबद्दलही पुष्कळ मते मांडली गेली आहेत. ही उपपत्ती संभाव्य असली, तरी केवळ आकाराने यश मिळाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पी. पी. सी.ला उत्कृष्ट प्रतीच्या पुंगळ्या, हाताने घडविलेल्या गोळ्या व जाड नळ्या लाभल्या आणि ती वापरणारे नेमबाजही पट्टीचे होते. कसून काम करणारे नेमबाज पुंगळ्या वजनाने निवडतात, कारण बाहेरचे माप तेच असता जड पुंगळीच्या आत जागा कमी असते. मानेचा जाडपणा शतांश मिमी.पर्यंत तासून सारखा करतात. आणि एकदा आपल्या कोठीत फुगून बसलेली पुंगळी तेवढीच जरा आवळून पुन्हा वापरतात. एवढे केल्यास साध्या आकाराची पुंगळीही फारशी मागे पडत नाही. न केल्यास उत्तम आकाराचा उपयोग होत नाही.

कडेवर पेटणारी काडतुसे : ऑलिंपिकमधील ५० मी. रायफल स्पर्धांत यांहून जुन्या धर्तीची पुंगळी अद्याप वापरतात. हिला वेगळी टोपी नसते. बुडाच्या पोकळ कडेत स्फोटक पसरलेले असते व कड चेपली की ते पेटते. अशा ०·२२ इंची काडतुसाचा आद्य प्रकार अमेरिकेत १८५७ मध्ये, म्हणजे हिंदुस्थानात कागदी काडतुसांवरून उठाव झाला त्याच वर्षी निघाला. आजचे लांब काडतूस १८८७ चे आहे. याची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे सुधारणेस नेमबाजाच्या हाती काही उरत नाही. कडेची जाडी सारखी असणे आणि स्फोटक कडेभोवती समान पसरणे, यांवरच सर्व अवलंबून असते व ते कारखान्यातच ठरते. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल पकडीत बसवून एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे झाडून पाहतात आणि जुळेल त्या घाण्याचा साठा घेतात. म्यूनिक येथे २०१० मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांचे यश याच काडतुसावरील आहे. तेथे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०·४ मिमी. व्यासाचे असते.

सैनिकी पुंगळीत अलीकडे नवा प्रयोग झाला आहे. अमेरिकेच्या सैन्याने २०२२ मध्ये निवडलेल्या ६·८ मिमी.च्या काडतुसातील दाब अखंड पितळेच्या बुडाला सोसणारा नाही. म्हणून त्याच्या एका प्रकारात बूड पोलादाचे, भिंत पितळेची आणि दोन्ही जोडणारी कडी वेगळी, अशी रचना केलेली आहे. लोखंडी बूड व पितळी भिंत यांचा जोड बॉक्सर यांनी १८६६ मध्ये केला होता. तेव्हा तो रिकामी पुंगळी ओढून काढताना सुटत असे, आता मोठ्या दाबासाठीच तो पुन्हा वापरण्यात येत आहे.